पहिल्या दगडावरच ठरणारी वस्तऱ्याची धार

घरी वस्तऱ्याने दाढी करू इच्छिणारे नवे लोक धार लावण्याविषयी विचारतात, तेव्हा त्यांचा पहिला प्रश्न बहुधा शेवटच्या दगडाविषयी असतो : १२००० ग्रिटचा (ग्रिट म्हणजे दगडाच्या कणांचा बारीकपणा; आकडा मोठा, तितके कण बारीक) जपानी दगड घ्यावा, की बेल्जियमच्या आर्देन भागातला नैसर्गिक कोतिक्यूल घ्यावा? दोन्ही दगड उत्तम आहेत आणि दोन्हींवर मी आनंदाने काम केले आहे. परंतु दाढी सुखाची होणार की नाही, याचा निर्णय त्या दगडांवर होत नाही. तो १००० ग्रिटच्या साध्या दगडावर होतो, आणि तिथले काम अर्धवट सोडून पुढे गेलेल्या माणसाला नंतर कितीही भारी दगड वापरला तरी ओढणारी, खरचटणारी धारच मिळते. म्हणून या लेखात सर्वांत जास्त जागा मी त्या पहिल्या दगडाला देणार आहे.

आपल्याकडच्या केशकर्तनालयांत आता प्रत्येक गिऱ्हाइकासाठी नवे ब्लेड लावता येईल असाच वस्तरा वापरला जातो. एचआयव्ही आणि काविळीचा संसर्ग टाळण्यासाठी ते योग्यच आहे. मात्र त्यामुळे अखंड पात्याचा वस्तरा दगडावर पाजवणारे कारागीर विरळ झाले आहेत आणि नवशिक्याला हे काम बरेचसे स्वतःच शिकावे लागते. शिकण्यासाठी जर्मनीतल्या सोलिंगेनचा किंवा इंग्लंडमधल्या शेफिल्डचा जुना वस्तरा मिळाला तर उत्तम, पण घेताना धार डोळ्यांसमोर आडवी धरून ती सरळ आहे का, ते पाहावे. धारेलाच गंजाचे खड्डे पडलेले, किंवा पाठ एका टोकाला जास्त झिजलेली असे पाते शिकण्यासाठी घेऊ नये. जुन्या बाजारातून आणलेला वस्तरा आधी साबणाने स्वच्छ धुवावा आणि त्याच्या पात्याला ७० टक्के अल्कोहोलने निर्जंतुक करावे. आणखी एक विनंती आहे. दारावर येणारा धारवाला विळी आणि कात्री फार चांगली लावून देतो, पण त्याच्या फिरत्या चाकावर वस्तरा कधीही देऊ नये. वस्तऱ्याचे पाते धारेजवळ इतके पातळ असते की चाकाच्या घर्षणाने ते क्षणात तापते, पोलादाचे पाणी उतरते, आणि त्यानंतर ती धार टिकत नाही.

वस्तऱ्याची रचना समजून घेतली की अर्धी भीती जाते. सुरीला धार लावताना कोन हाताने सांभाळावा लागतो. वस्तऱ्याचा कोन त्याच्या जाड पाठीनेच ठरवून दिलेला असतो. पाठ आणि धार दोन्ही एकाच वेळी दगडाला टेकवून पाते आडवे ठेवले की कोन आपोआप मिळतो. पात्याची रुंदी सुमारे १६ मिलिमीटर आणि पाठीची जाडी ४.५ मिलिमीटर असेल, तर दोन्ही बाजू मिळून धारेचा कोन साधारण १६ अंश होतो, आणि दाढीसाठी हाच कोन मानवतो. पाठ दगडावर झिजू नये म्हणून काही जण तिच्यावर इन्सुलेशन टेपचा एक थर लावतात. त्याने कोन सुमारे १ अंशाने वाढतो, इतके लक्षात ठेवले आणि शेवटच्या दगडापर्यंत टेप तशीच ठेवली, तर त्यात गैर काही नाही. नक्षीदार पाठीच्या वस्तऱ्याला तर मी स्वतःही टेप लावतो.

रचनेचा हा सगळा फायदा दगड सपाट असेल तरच मिळतो. नवा दगडही सपाट असेल असे गृहीत धरू नये. दगडावर पेन्सिलीने उभ्या-आडव्या रेघा माराव्यात, जाड काचेवर पाण्याचा सँडपेपर पसरून किंवा हिऱ्याच्या कणांच्या पट्टीवर पाणी घालून दगड घासावा, आणि सगळ्या रेघा एकदम पुसल्या जाईपर्यंत थांबू नये. नंतर दगडाच्या कडा किंचित गोल कराव्यात, कारण धारदार कडेवर पात्याची टाच, म्हणजे मुठीकडचा भाग, अडकली तर तिथे खाच पडते.

आता मुख्य काम. १००० ग्रिटच्या दगडावर धारेच्या दोन्ही बाजूंचे उतार इतके घासायचे असतात की ते टाचेपासून टोकापर्यंत सर्वत्र एकमेकांना एका रेषेत भेटतील. एवढेच काम आहे, आणि हेच सर्वांत जास्त वेळ घेते. सामान्य दगड ७० मिलिमीटर रुंद असतो आणि पाते साधारण ७५ मिलिमीटर लांब, म्हणजे संपूर्ण धार एका वेळी दगडावर मावत नाही. म्हणून पाते धारेच्या दिशेने पुढे नेताना त्याच वेळी बाजूलाही सरकवत जावे : सुरुवातीला टाच दगडावर, शेवटी टोक दगडावर. फेरा संपला की पाते पाठीवर वळवावे, धारेवर कधीही नाही, आणि दुसऱ्या बाजूने तसेच परत यावे. बोथट वस्तऱ्यावर सुरुवातीला एकेका बाजूने मागे-पुढे घासायला हरकत नाही, फक्त दोन्ही बाजूंचे फेरे सारखे असावेत. हाताचा भार बोटभर, तोही सुरुवातीलाच. काम पुरे होत आले की वस्तऱ्याच्या स्वतःच्या वजनाखेरीज काहीही दगडावर जाऊ नये. जास्त दाबले तर पातळ पाते वाकते, दगड धारेऐवजी तिच्या वरच्या भागाला घासतो, आणि कष्ट वाया जातात.

दगड धारेपर्यंत पोहोचतो आहे की नाही, हे पाहण्याचा सर्वांत प्रामाणिक उपाय म्हणजे मार्कर पेन. दोन्ही उतारांवर शाई लावावी आणि दोन-तीन हलके फेरे द्यावेत. जिथे शाई अगदी धारेच्या कडेपर्यंत पुसली गेली तिथे दगड पोहोचतो. जिथे काळी रेघ उरली तिथे नाही. ती रेघ बहुधा टाचेजवळ किंवा टोकाला उरते, कारण नवशिक्याचा हात मधल्या भागावरच रेंगाळतो. त्यानंतर वस्तरा दिव्याखाली धार वर करून धरावा. धारेवर कुठेही चमकता ठिपका दिसला, तर तिथे पोलाद अजून सपाट आहे आणि प्रकाश परतवते आहे; खरी धार स्वतः दिसत नाही. तिसरी परीक्षा टोमॅटोची. पिकलेल्या टोमॅटोच्या सालीवर धार न दाबता टेकवून किंचित सरकवली की साल लगेच चिरली पाहिजे, आणि ती टाचेजवळ, मध्ये आणि टोकाला सारख्याच सहजतेने चिरली पाहिजे. शेवटी हाताच्या त्वचेलगत पाते सरकवून पाहावे. १००० च्या दगडानंतरही केस कापले जायला हवेत. यांपैकी एक जरी परीक्षा एका जागी नापास झाली, तरी पुढचा दगड बाहेर काढू नये.

मी इतका आग्रह का धरतो, याचे कारण कणांच्या आकारात आहे. जपानी मोजणीनुसार १००० ग्रिटच्या दगडातले कण सरासरी ११.५ मायक्रॉनचे असतात, ४००० चे ३ मायक्रॉनचे आणि ८००० चे अवघे १.२ मायक्रॉनचे. ८००० चा दगड इतके कमी पोलाद काढतो की न भेटलेले उतार भेटवणे त्याच्या आवाक्याबाहेरचे असते; तो उतारांना आरशासारखे चकाकवतो आणि माणूस चकाकीला धार समजतो.

पुढचे दगड त्या मानाने सोपे आहेत. ४००० वर तोच तिरका फेरा, आधीच्या दगडाचे ओरखडे भिंगाखाली नाहीसे होईपर्यंत. मग ८००० वर तसेच, आणखी हलक्या हाताने. प्रत्येक दगडाआधी वस्तरा, हात आणि टेबल धुऊन घ्यावे, कारण जाड कणांचा एक दाणा बारीक दगडावर आला की तो नवा ओरखडा पाडतो. पुष्कळ जण ८००० वर थांबून दाढी करतात आणि समाधानी असतात. माझ्या मते नवशिक्याने काही काळ तिथेच थांबावे, म्हणजे पुढे १२००० वर गेल्यावर काय बदलले ते गालाला ओळखता येते.

शेवटचा दगड धार अधिक तीक्ष्ण करतो त्यापेक्षा अधिक सौम्य करतो, आणि तीक्ष्णता व सुख या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे इथे लक्षात येते. कोतिक्यूलमध्ये घासण्याचे काम गार्नेटचे कण करतात. ते आकाराने मोठे असले तरी त्यांचे पैलू बोथट कोनाचे असल्यामुळे ओरखडे उथळ पडतात, आणि नुसत्या पाण्यावर शेवट केलेली त्याची धार त्वचेला फार मायाळू वाटते.

दगडानंतर चामड्याचा पट्टा. इथे दिशा उलटी असते : पाठ पुढे, धार मागे. पट्टा ताणून धरावा, कारण सैल पट्टा धारेभोवती वळतो आणि ती गोल करतो. आधी कापडाच्या बाजूवर २० ते ३० फेरे, मग चामड्यावर ५० ते ६०. वेग आपोआप येतो. तो मुद्दाम आणू पाहणारे पट्टाही कापतात आणि धारही घालवतात.

दाढी करताना पाते गालाशी साधारण ३० अंशांत धरावे आणि काय जाणवते याकडे लक्ष द्यावे. केस ओढले जात असतील, तर शंका पहिल्या दगडावरच घ्यावी आणि पुन्हा मार्करपासून सुरुवात करावी. केस सहज कापले जातात पण नंतर त्वचा जळजळते, असे असेल तर धारेवर पोलादाची नाजूक तार उरलेली असते किंवा शेवटच्या दगडावर फेरे जास्त झालेले असतात. ८००० वर अगदी हलके काही फेरे देऊन शेवटचा टप्पा पुन्हा करावा. एकाच जागी ओढत असेल, तर त्या जागेची धार भिंगाखाली पाहावी.

एकदा नीट लागलेली धार रोजच्या पट्ट्यावर कित्येक महिने चालते. ती मंदावली की थेट १००० वर जाऊ नये. आधी शेवटच्या दगडावर दहा-पंधरा फेरे देऊन पाहावेत, बहुतेक वेळा तेवढे पुरते. कोकणात, मुंबईत आणि गोव्यात पावसाळी हवेत कार्बन पोलादाची धार एका रात्रीतही गंजू शकते. म्हणून दाढीनंतर पाते धुऊन, मऊ कापडाने पाठीकडून धारेकडे पुसून, कापडाच्या पट्ट्यावर काही फेरे देऊन वाळवावे आणि शिलाई यंत्राच्या तेलाचा अगदी पातळ हात फिरवून वस्तरा न्हाणीघराबाहेर, कोरड्या जागी ठेवावा. मुठीतल्या खिळीजवळ पाणी साचते, तिथेही तेलाचा एक थेंब सोडावा.