चीनच्या सत्ताधारी पक्षाच्या बैठकीचं निवेदन कसं वाचायचं

नोव्हेंबर 2020 मध्ये चिनी कम्युनिस्ट पक्षाने चौदाव्या पंचवार्षिक योजनेसाठी आपल्या शिफारशी प्रसिद्ध केल्या. त्या लांबलचक दस्तऐवजात एक छोटासा उल्लेख होता: यारलुंग त्सांगपो नदीच्या खालच्या टप्प्यावर जलविद्युत विकास हाती घ्यायचा. मार्च 2021 मध्ये हा मुद्दा अधिकृत योजनेत आला, डिसेंबर 2024 मध्ये प्रकल्पाला मंजुरी मिळाल्याचं जाहीर झालं आणि जुलै 2025 मध्ये पंतप्रधान ली छ्यांग यांच्या उपस्थितीत काम सुरू झालं. हीच नदी अरुणाचलात सियांग आणि पुढे आसामात ब्रह्मपुत्र होते. म्हणजे थेट आपल्याशी संबंध असलेला निर्णय पक्षाच्या कागदावर पावणेपाच वर्षं आधीच उमटला होता. चीनमध्ये सरकारी घोषणा ही बहुतेक वेळा शेवटची पायरी असते. निर्णय पक्षाच्या बैठकांत होतो, म्हणून वाचायचं ते या बैठकांचं निवेदन.

आधी बैठक कोणती ते ठरवा

पक्षाचं महाअधिवेशन दर पाच वर्षांनी भरतं. विसावं अधिवेशन 16 ते 22 ऑक्टोबर 2022 ला झालं. तिथे 205 पूर्ण सदस्यांची आणि 171 पर्यायी सदस्यांची केंद्रीय समिती निवडली गेली. या समितीने 24 जणांचा पॉलिटब्युरो (पक्षाचं वरिष्ठ निर्णयमंडळ) आणि त्यातली सात जणांची स्थायी समिती निवडली. सरचिटणीस शी जिनपिंग.

केंद्रीय समितीच्या पूर्ण बैठकीला प्लेनम म्हणतात. पक्षघटनेनुसार तो वर्षातून किमान एकदा व्हायला हवा, आणि एका कार्यकाळात साधारण सात प्लेनम होतात. पहिल्यात नेते निवडले जातात. दुसरा बहुधा मार्चच्या संसदीय अधिवेशनाच्या तोंडावर भरतो, त्यात सरकारी पदांची नावं ठरतात. तिसरा बहुधा आर्थिक सुधारणांचा असतो. सातवा पुढच्या महाअधिवेशनाची तयारी करतो. क्रमांक पाहिला की विषयाचा अंदाज येतो.

पॉलिटब्युरोची बैठक साधारण महिन्यातून एकदा, बहुधा महिनाअखेरीला होते. एप्रिल, जुलै आणि डिसेंबरमध्ये अर्थव्यवस्थेचा आढावा ठरलेला असतो. या तीन महिन्यांबाहेर अर्थव्यवस्था चर्चेला आली तर कान टवकारायचे. 26 सप्टेंबर 2024 ला नेमकं हेच झालं: सप्टेंबरच्या बैठकीत अर्थव्यवस्था हा मुख्य विषय होता, आणि घरांच्या बाजाराची घसरण थांबवून तो सावरायचा, असं त्यात स्पष्ट म्हटलं होतं. विषय ठरलेल्या वेळेआधी आला, यातूनच वरची काळजी दिसत होती.

स्थायी समितीच्या बहुतेक बैठकांची बातमी येत नाही. 2020 च्या केंद्रीय समिती कार्यनियमांनुसार पॉलिटब्युरो आणि स्थायी समिती या दोन्हींच्या बैठकांचे विषय सरचिटणीस ठरवतात. त्यामुळे विषयपत्रिकेवर काय आलं, हीच पहिली बातमी.

निवेदन हातात आल्यावर

शिन्हुआ वृत्तसंस्थेचा चिनी मजकूर घ्या. चिनी येत नसेल तर भाषांतराचं साधन वापरा, पण मूळ मजकूर शेजारी उघडा ठेवा. इंग्रजी आवृत्ती बऱ्याचदा संक्षिप्त असते आणि तिच्यात वाक्यंच्या वाक्यं गळतात.

पहिला परिच्छेद म्हणजे तारीख, अध्यक्षस्थानी कोण आणि विषय. मग क्रियापदं पाहा. ‘अहवाल ऐकला’, ‘अभ्यास केला’, ‘विचारार्थ घेतलं’ आणि ‘विचार करून मंजूर केलं’ या चार वेगवेगळ्या पायऱ्या आहेत. एखादा नियम फक्त विचारार्थ घेतला असेल तर अंतिम मजकूर अजून बदलू शकतो. घाईत ही तफावत सर्वात जास्त वेळा नजरेतून सुटते आणि ‘चीनने निर्णय घेतला’ असे मथळे छापले जातात.

अगदी शेवटी कधीकधी एक वाक्य येतं: बैठकीत इतर बाबींवरही विचार झाला. जाहीर न केलेला विषय होता, एवढंच त्यातून कळतं. ते वाक्य आहे की नाही याची नोंद ठेवा, पण त्यातून तर्क लढवू नका.

मागच्या निवेदनाशी ताडून पाहा

सगळ्या प्रक्रियेत हीच पायरी मोलाची. एकटं निवेदन वाचलं तर ते कंटाळवाणं आणि गोलमोल वाटतं. त्याच विषयावरचं मागचं निवेदन शेजारी ठेवलं की बदल उठून दिसतात. दोन रकाने करा: डावीकडे जुना मजकूर, उजवीकडे नवा. एका रंगाने गळलेले शब्द, दुसऱ्याने नवे, तिसऱ्याने जागा बदललेले. आधी पहिल्या परिच्छेदात असलेली गोष्ट चौथ्यात गेली असेल तर तिचा अग्रक्रम घसरला.

नोव्हेंबर 2013 च्या तिसऱ्या प्लेनममध्ये साधनसंपत्तीच्या वाटपातली बाजाराची भूमिका ‘पायाभूत’ची ‘निर्णायक’ झाली. एकच विशेषण बदललं, पण त्याआधीची सुमारे दोन दशकं जुना शब्द ठाण मांडून होता. मात्र त्याच दस्तऐवजात सरकारी मालकीचं प्रमुख स्थानही कायम राहिलं होतं. ज्यांनी फक्त नवा शब्द वाचला, त्यांनी मोठ्या खासगीकरणाची अपेक्षा धरली आणि ती फसली. जे तसंच राहिलं तेही तितक्याच काळजीने वाचायचं असतं.

गळलेल्या शब्दांचं चांगलं उदाहरण घरांचं. ‘घरं राहण्यासाठी आहेत, सट्ट्यासाठी नाहीत’ हे वाक्य डिसेंबर 2016 मध्ये आलं आणि पुढे घरबांधणीवरच्या निवेदनांत ठरलेलं झालं. 24 जुलै 2023 च्या पॉलिटब्युरो निवेदनात ते नव्हतं. कोणतीही घोषणा झाली नाही, कारणही दिलं नाही. त्यानंतर घर खरेदीवरचे निर्बंध शहरामागून शहरात सैल होत गेले.

आता उलटी बाजू. 9 डिसेंबर 2024 च्या निवेदनात पतधोरण ‘सावध’ऐवजी ‘माफक सैल’ झालं. 14 वर्षांनंतर हा शब्द परतला होता, त्यामुळे लगेच व्याजदर कपात होईल असं अनेकांनी गृहीत धरलं. प्रत्यक्षात बँकांसाठीचं राखीव निधीचं प्रमाण अर्ध्या टक्क्याने आणि मुख्य धोरणदर 0.1 टक्क्याने कमी झाल्याची घोषणा 7 मे 2025 ला झाली. निवेदन दिशा सांगतं, तारीख सांगत नाही. चीनच्या मागणीकडे डोळे लावून पोलाद-तांब्याचा व्यापार करणाऱ्यांनी हे विशेष लक्षात ठेवावं.

माणसं मोजा, नावं वाचा

प्लेनमच्या निवेदनात सुरुवातीलाच हजेरी असते. जुलै 2024 च्या तिसऱ्या प्लेनमला 199 पूर्ण आणि 165 पर्यायी सदस्य होते. ऑक्टोबर 2025 च्या चौथ्याला 168 आणि 147. पंधरा महिन्यांत पूर्ण सदस्यांची हजेरी 31 ने घटली. आजारपण आणि मृत्यू धरूनही ही घट मोठी आहे, आणि तिचं कारण त्याच निवेदनाच्या शेवटच्या भागात सापडतं: त्यात हकालपट्टीची नावं आहेत. सैन्यातले हे वेइदोंग (‘हे’ हे त्यांचं आडनाव) आणि म्याओ हुआ त्यात होते. रिकाम्या जागांवर 11 पर्यायी सदस्यांना बढती मिळाली.

इथे एक नियम माहीत हवा. केंद्रीय समितीच्या सदस्याला पक्षातून काढायला समितीच्या बैठकीत दोन तृतीयांश मतं लागतात. प्लेनम भरलेला नसेल तर पॉलिटब्युरो आधी निर्णय घेतो आणि प्लेनम मागाहून त्यावर शिक्कामोर्तब करतो. म्हणून प्लेनममधल्या नावांपैकी बरीचशी आधीच जाहीर झालेली असतात. हे वेइदोंग यांच्यासह नऊ अधिकाऱ्यांची नावं संरक्षण मंत्रालयाने 17 ऑक्टोबरलाच दिली होती, प्लेनम 20 ला सुरू झाला.

नावापुढचा ‘कॉम्रेड’ही पाहा. 2024 च्या निवेदनात माजी परराष्ट्रमंत्री छिन गांग यांचा राजीनामा स्वीकारला गेला, पण ते ‘कॉम्रेड’ राहिले. म्हणजे पक्षसदस्यत्व शाबूत. माजी संरक्षणमंत्री ली शांगफू यांच्या नावापुढे तो शब्द नव्हता; त्यांची हकालपट्टी झाली होती.

याद्यांचा क्रमही अर्थपूर्ण असतो, पण प्रत्येक यादीचा नियम वेगळा. स्थायी समितीची नावं दर्जानुसार लागतात. पॉलिटब्युरोतली आडनावाच्या चिनी अक्षरातल्या रेघांच्या संख्येनुसार, त्यामुळे तिथे आधी-नंतर याला महत्त्व नाही. पर्यायी सदस्यांचा क्रम मिळालेल्या मतांवरून लागतो. मतांचे आकडे मात्र प्रसिद्ध होत नाहीत.

निवेदनावर थांबू नका

प्लेनमच्या शेवटच्या दिवशी जे येतं ते सारांशासारखं निवेदन. मूळ दस्तऐवज काही दिवसांनी येतो, त्यासोबत शी यांचं स्पष्टीकरणही. 2024 मध्ये निवेदन 18 जुलैला आलं आणि 60 मुद्द्यांचा, 300 हून अधिक उपाययोजनांचा ‘निर्णय’ 21 जुलैला. सारांशावरच मत बनवणाऱ्यांना नेमके तपशील कळलेच नाहीत. स्पष्टीकरणात मसुदा कसा बनला तेही असतं: मसुदा समितीचं काम 2023 च्या अखेरीपासून, म्हणजे प्लेनमच्या कितीतरी आधीपासून चाललं होतं.

हे पूर्वीपासूनचं आहे. डिसेंबर 1978 चा तिसरा प्लेनम आर्थिक सुधारणांची सुरुवात मानला जातो. तो पाच दिवस चालला, पण खरा वाद त्याआधीच्या 36 दिवसांच्या कार्यपरिषदेत झाला होता. म्हणून प्लेनमच्या आधीच्या सहा महिन्यांतल्या पॉलिटब्युरो निवेदनांची फाइल ठेवा.

हमखास होणारी गफलत

नेता दिसला नाही की सत्तापालटाच्या अफवा उठतात. ऑगस्टच्या सुरुवातीला वरिष्ठ नेते पेइताय-ह या समुद्रकिनारी जातात आणि साधारण दोन आठवडे बातम्यांत दिसत नाहीत. त्याची घोषणा होत नाही, पण तिथे सुट्टीवर आलेल्या तज्ज्ञांना स्थायी समितीचा एक सदस्य भेटल्याची बातमी येते. 2023 पासून हे काम त्साय छी करतात. ती बातमी आली की अनुपस्थितीचा उलगडा झाला. याउलट हे वेइदोंग मार्च 2025 पासून जाहीर कार्यक्रमांत दिसेनासे झाले आणि सैन्याच्या ठरलेल्या समारंभांतही त्यांची जागा रिकामी राहिली, तेव्हा त्या शंकेला आधार होता. ठरलेल्या ठिकाणी एकामागून एक गैरहजेरी, हे तपासायचं.

30 जून 2025 च्या पॉलिटब्युरो बैठकीत पक्षाच्या धोरण-समन्वय यंत्रणांचे नियम विचारार्थ आले, तेव्हा शी अधिकार सोडत आहेत असं सगळीकडे पसरलं. निवेदनाचा मजकूर वेगळं सांगत होता: या यंत्रणांनी मोठ्या कामांत समन्वय करावा, पण इतर विभागांची कामं स्वतःकडे घेऊ नयेत. यातल्या अनेक प्रमुख आयोगांचे अध्यक्ष शी स्वतःच आहेत. पूर्ण मजकूर वाचायला पाच मिनिटं पुरली असती.

शी यांची बंद दाराआडची भाषणं पक्षाच्या ‘छ्यूशी’ या पाक्षिकात काही महिन्यांनी छापली जातात. अंक 1 आणि 16 तारखेला निघतो. निवेदनात जे अर्धवट वाटलं होतं, त्याचा संदर्भ अनेकदा तिथे मिळतो. तेव्हा आपल्या दोन रकान्यांच्या तक्त्यात तिसरा रकाना मोकळा ठेवा.