बोटीतून दोघंच दक्षिणेकडे निघताय? या चुका टाळा

ऑक्टोबर उजाडला की चेसापीक उपसागरातल्या बोटी दक्षिणेची वाट धरतात. ही वाट म्हणजे अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्याला लागून जाणारा इंट्राकोस्टल वॉटरवे. व्हर्जिनियातल्या नॉरफोकला मैल ० धरतात आणि तिथून मायामीपर्यंत साधारण १,०९० मैल होतात. नद्या, खाड्या, उथळ साउंड (किनाऱ्यालगतचे रुंद जलाशय) आणि खणून काढलेले कालवे एकमेकांना जोडून हा जलमार्ग तयार झाला आहे. केप हॅटरासचा बेभरवशाचा समुद्र टळतो आणि वाटेत बोफर्ट, साउथपोर्ट, चार्ल्स्टन, सेंट ऑगस्टीन अशी एकाहून एक गावं लागतात. दोघांनीच राहायचं आणि दोघांनीच चालवायचं अशा बोटीसाठी याहून चांगली वाट मला माहीत नाही.

मात्र आतलं पाणी म्हणजे सोपं पाणी हा समज घेऊन निघू नका. या प्रवासात जोडपी कुठे अडतात ते बारकाईनं पाहिलं, तर बहुतेक अडचणींच्या मुळाशी आधीच ठरवून टाकलेली एक तारीख सापडते.

पाहुण्यांना तारीख आणि गाव दोन्ही सांगून ठेवणं

"अमुक तारखेला चार्ल्स्टनला या, आम्ही धक्क्यावर असू," असं मुलांना किंवा मित्रांना कळवलं की सहल त्या तारखेच्या हाती जाते. मग जोराचा वारा सुटलेला असतानाही बोट बाहेर काढली जाते. तारीख सांगायची असेल तर गाव मोकळं ठेवा आणि गाव सांगायचं असेल तर तारीख. पाहुण्यांना गाडीनं शंभर मैल अलीकडे-पलीकडे येणं जमतं. तेवढंच अंतर बोटीला दोन दिवसांचं असतं.

निघण्याची वेळही वाऱ्या-वादळाशी बांधलेली आहे. अटलांटिकचा चक्रीवादळांचा मोसम १ जून ते ३० नोव्हेंबर असा असतो. २०१८ मध्ये फ्लोरेन्स वादळ १४ सप्टेंबरला नॉर्थ कॅरोलायनाच्या राइट्सव्हिल बीचजवळ, म्हणजे ऐन या वाटेवर, किनाऱ्याला धडकलं होतं. २०१६ च्या ऑक्टोबरमधल्या मॅथ्यू वादळानं याच वाटेवरच्या डिस्मल स्वॉम्प कालव्याचं एवढं नुकसान केलं की तो साधारण वर्षभर बंद होता. म्हणून बऱ्याच विमा पॉलिसींमध्ये १ नोव्हेंबरपर्यंत अमुक अक्षांशाच्या उत्तरेलाच राहा, अशी अट असते. ही अट निघण्यापूर्वी शब्दन् शब्द वाचा. तिचा दुसरा परिणाम असा की नोव्हेंबरच्या सुरुवातीला सगळे एकदमच पुढे सरकतात आणि चार्ल्स्टनसारख्या ठिकाणी मरीनात, म्हणजे बोटी लावायच्या धक्क्यावर, जागा मिळेनाशी होते. तिथलं आरक्षण तेवढं आधी करा, पण ते रद्द करता येईल असंच.

ऑक्टोबरपासून थंड हवेच्या लाटा दर काही दिवसांनी येऊ लागतात. लाट येऊन गेली की वारा वायव्येकडून, मग उत्तरेकडून दोन-दोन दिवस जोरात वाहतो. नॉर्थ कॅरोलायनातला अल्बेमार्ल साउंड रुंद आहे पण उथळ आहे, त्यामुळे तिथे अशा वाऱ्यात आखूड, उभ्या, बोटीला हादरवणाऱ्या लाटा उठतात. साउंडच्या अलीकडे एलिझाबेथ सिटीत किंवा कॉइनजॉकला एक दिवस जास्त थांबणं हाच त्यावर उपाय. वैतागून बाहेरच्या समुद्राची वाट धरायचा मोह तर मुळीच नको. उत्तरेकडे वाहणारा गल्फ स्ट्रीमचा प्रवाह आणि समोरून येणारा उत्तरेचा वारा यांची टक्कर मोठमोठ्या जहाजांनाही नकोशी होते.

मैल आणि उजेड यांचा हिशेब चुकणं

या जलमार्गावरचे मैल जमिनीवरचे असतात आणि बोटीचा वेग सागरी मैलांत, म्हणजे नॉट्समध्ये मोजतात. एक सागरी मैल म्हणजे १.१५ साधे मैल. सात नॉट्सनं चालणारी बोट तासाला नकाशावरचे आठ मैल कापते. मार्गदर्शिकेत एक आणि जीपीएसवर दुसरं एकक ठेवलं की दोघांचे आकडे जुळत नाहीत आणि पोचण्याच्या वेळेवरून कुरबुर सुरू होते. पहिल्याच दिवशी एक एकक ठरवा.

नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी घड्याळं तासभर मागे जातात. त्यानंतर साडेपाचच्या आतच सूर्य मावळतो. पाण्यावर तरंगणारे खेकड्यांच्या सापळ्यांचे बोये अंधारात दिसत नाहीत आणि एकाची दोरी बोटीच्या पंख्यात अडकली की पुढचा दिवस गेलाच म्हणून समजा. सकाळी दलदलीवर धुकं असेल तर निघायला नऊ वाजतात. म्हणून पन्नास मैल हा दिवसाचा सुखाचा पल्ला आहे. त्यापलीकडचा बेत कागदावरच बरा.

पुलाखालून सहज जाऊ असं गृहीत धरणं

पक्क्या, म्हणजे न उघडणाऱ्या, पुलांची प्रमाण उंची ६५ फूट आहे, तीही भरतीच्या सरासरी पातळीपासून मोजलेली. मैल १२६ जवळचा विल्करसन पूल मात्र ६४ फुटांचा म्हणूनच ओळखला जातो. डोलकाठी ६३ फुटांची आहे असं विकणाऱ्यानं सांगितलेलं असतं, पण वरचा अँटेना आणि वारादर्शक त्यात धरलेला असतोच असं नाही. स्वतः टेप लावून मोजा. नॉर्थ कॅरोलायनाच्या साउंडमध्ये पाण्याची पातळी चंद्रापेक्षा वारा ठरवतो, त्यामुळे भरतीचं वेळापत्रक तिथे कामाला येत नाही. पुलाच्या खांबावरची उंचीची पट्टी दुर्बिणीतून वाचा आणि मगच पुढे सरका.

उघडणाऱ्या पुलांसाठी व्हर्जिनिया आणि नॉर्थ कॅरोलायनात व्हीएचएफ रेडिओचं १३ नंबरचं चॅनल लागतं. साउथ कॅरोलायनापासून खाली ९ नंबरचं. पूलवाला उत्तर देत नाही अशी तक्रार असेल तर आधी हेच तपासा. शहरांजवळचे पूल सकाळ-संध्याकाळ कामावर जाणाऱ्यांच्या गर्दीत उघडत नाहीत, त्या वेळा आदल्या रात्रीच पाहून ठेवा. कॅम्प लेजुन या लष्करी तळाजवळ तर मरीन सैनिकांचा गोळीबाराचा सराव चालू असला की जलमार्गच बंद ठेवतात.

लाल-हिरव्यावर डोळे मिटून विश्वास

दक्षिणेकडे जाताना लाल खुणा उजव्या हाताला ठेवायच्या, हे सगळे पाठ करून येतात. मग स्नोज कटमधून बोट केप फिअर नदीत शिरते आणि साउथपोर्टकडे निघते. आता आपण नदीतून समुद्राच्या दिशेनं चाललेलो असतो, म्हणून लाल बोये डाव्या हाताला येतात. पाठांतरावर चालणारा इथे गोंधळतो आणि मोठ्या जहाजांच्या मार्गाबाहेर जाऊन गाळात बसतो. त्या लाल बोयावर एक छोटा पिवळा चौकोन असतो, तो वाचायला शिका. दक्षिणेकडे जाताना पिवळा त्रिकोण उजवीकडे आणि पिवळा चौकोन डावीकडे, मग बोयाचा रंग कोणताही असो.

जॉर्जियातली भरती-ओहोटी हलक्यात घेणं

इथे जरा सविस्तर सांगते, कारण सर्वांत जास्त बोटी अडकताना इथेच दिसतात. चार्ल्स्टनला भरती-ओहोटीतला फरक पाच-सहा फुटांचा असतो, सव्हानाच्या आसपास तो सात ते नऊ फुटांवर जातो. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला त्याहूनही वाढतो. सकाळी जिथे ऐसपैस पाणी होतं तिथे दुपारी चिखलाचा काठ आणि त्यावर कालवांचे शिंपले दिसतात.

नांगराचंच घ्या. संध्याकाळी ओहोटीला पोचलात, खोली आठ फूट दिसली. पाण्यापासून बोटीच्या पुढच्या टोकापर्यंतची उंची चार फूट. बारा फूट झाले, पाचपट म्हणून साठ फूट साखळी सोडली आणि जेवायला बसलात. रात्री भरती आठ फूट चढली की बेरीज वीस होते आणि तीच साखळी पाचपटीवरून तिपटीवर येते. मध्यरात्री प्रवाहही दिशा बदलतो आणि नांगर उपटला जातो. भरतीचे आठ फूट आधीच धरले असते तर शंभर फूट साखळी लागली असती. हिशेब नेहमी भरतीच्या उंचीवर करा. बोट गोल फिरायला तेवढी मोकळी जागा आहे का, हेही त्याच वेळी पाहा. जागा नसेल तर ठिकाण बदला, साखळी कमी करू नका.

लिटल मड रिव्हर, हेल गेट, जेकिल क्रीक या उथळ जागा नकाशावर आधीच गोल करून ठेवा. त्या भरती चढत असताना पार करा. पाणी चढतं असेल तर रुतलेली बोट थोड्या वेळात आपोआप सुटते. अगदी ऐन भरतीला जाणं मात्र धोक्याचं. त्या वेळी रुतलात तर पुढचे बारा तास तिथेच.

तरीही रुतलात तर पुढे जोर लावू नका, त्यानं बोट आणखी वर चढते. इंजिन न्यूट्रलला घ्या आणि पाणी चढतंय की उतरतंय ते पाहा. चढतं असेल तर चहा करा. उतरतं असेल तर पहिली दहा मिनिटंच तुमची. आलात त्याच वाटेनं हळू मागे घ्या आणि दोघंही एका बाजूला उभे राहून बोट थोडी कलती करा. नाहीच हललं तर छोट्या होडीतून नांगर खोल पाण्याकडे नेऊन टाका आणि दोर ओढत राहा. मागे घेताना इंजिन गाळ ओढतं, म्हणून सुटल्यावर आधी समुद्राच्या पाण्याची गाळणी साफ करा. ओढणारी बोट बोलवावी लागली तर तिचा दोर घेण्यापूर्वी एकच प्रश्न विचारा: हे नुसतं ओढणं आहे की साल्व्हेज, म्हणजे संकटातली बोट वाचवणं? वार्षिक सदस्यत्वात ओढणं बसतं. साल्व्हेजचं बिल मात्र बोटीच्या किमतीच्या हिशेबात होतं.

सगळं एकालाच येणं

एक सुकाणूवर आणि दुसरी व्यक्ती दोर घेऊन पुढे, असं वर्षानुवर्षं चालतं. बहुतेक बोटींवर सुकाणूवर नवराच असतो. माझं ठाम मत आहे की दोघांच्या बोटीवर यापेक्षा मोठा धोका नाही. चालवणाराच पाण्यात पडला तर उरलेल्या व्यक्तीला बोट थांबवता, वळवता आणि रेडिओवर बोलता यायला हवं. संकटात हाक द्यायचं चॅनल १६ आणि रेडिओवरचं मदत मागायचं लाल डीएससी बटण दोघांनीही हाताळून पाहिलेलं असावं. शांत दिवशी एक फेंडर (बोट धक्क्याला घासू नये म्हणून लटकवायची फुगीर उशी) पाण्यात टाका आणि आळीपाळीनं तो परत उचलून आणा. पाण्यातून वर यायची शिडी खालून, पाण्यात असलेल्या माणसाला सोडता येते का, हे निघण्यापूर्वीच पाहा.

धक्क्याला लागताना होणारी आरडाओरड इंजिनाच्या आवाजामुळे होते. बिनतारी हेडसेटची एक जोडी घ्या. बोटीवरच्या कुठल्याही दुसऱ्या खर्चापेक्षा तो खर्च संसाराला जास्त उपयोगी पडेल. धक्क्यावर उडी कधीच मारू नका आणि बोट पायानं अडवू नका. बोटीच्या मध्यभागचा दोर सगळ्यांत आधी खुंट्याला बसला की ती जागच्या जागी राहते, मग पुढचा-मागचा दोर निवांत बांधता येतो. चार्ल्स्टनच्या ॲशली नदीत किंवा साउथ कॅरोलायनाच्या ब्यूफर्टला वाऱ्यापेक्षा प्रवाह जास्त ओढतो. मरीनाशी रेडिओवर बोलून कोणती बाजू लावायची, प्रवाह कुठून आहे आणि पाणी कधी थांबेल, एवढं विचारा. प्रवाहाला तोंड देऊनच आत या, आणि जमत नसेल तर बाहेर अर्धा तास फिरत थांबा.

इंजिन तापलं, बंद पडलं

तापलं तर मागच्या नळीतून पाणी बाहेर पडतंय का ते पाहा. पडत नसेल तर गाळणी, मग पट्टा, मग इम्पेलर, म्हणजे इंजिन थंड ठेवणारं पाणी ओढणारं पात्यांचं चाक. डिस्मल स्वॉम्पमधलं हिरवं शेवाळासारखं डकवीड गाळणीत हमखास अडकतं. इम्पेलरची पाती तुटलेली असतील तर तुटके तुकडे शोधून काढा, ते पुढे उष्णता काढणाऱ्या भागात जाऊन बसतात आणि नवा इम्पेलर लावूनही इंजिन तापत राहतं. लाटांतून गेल्यावर इंजिन धापा टाकत असेल तर टाकीच्या तळाचा गाळ ढवळून फिल्टरमध्ये आलाय. दोन-तीन जास्तीचे फिल्टर हाताशी ठेवा आणि डिझेलच्या नळीतली हवा कशी काढायची ते घरीच शिकून घ्या, दोघंही.

गावं मोजत जाणं

रोज एक गाव उरकलं तर प्रत्येक गावातून फक्त धक्का आणि पेट्रोलपंप आठवतो. तीन गावं सोडा आणि एका ठिकाणी तीन रात्री राहा. सेंट ऑगस्टीन १५६५ मध्ये वसलेलं आहे. स्पॅनिश किल्ला आणि त्यामागच्या गल्ल्या एका दुपारीत होत नाहीत. सव्हाना शहर जलमार्गापासून नदीत आठेक मैल आत आहे, म्हणून बोट थंडरबोल्टला लावून गाडीनं जाणं सोयीचं पडतं. कंबरलँड बेटावर रानटी घोडे आणि ओकच्या झाडांखालच्या लांबलचक वाटा आहेत, पण एकही दुकान नाही आणि कचरा टाकायला जागाही नाही. तिथे जाण्यापूर्वी जेकिलला किंवा सेंट मेरीजला पाणी आणि वाणसामान भरून घ्या. संध्याकाळी डोळ्यांनाही न दिसणारे चावरे कीटक येतात, म्हणून खिडक्यांना बारीक जाळी बसवूनच नांगर टाका.