मोठ्या संख्येचे विभाजक कसे मोजावेत

मोठ्या पूर्ण संख्येचे गुणधर्म जाणून घ्यायचे असतील, तर सर्वप्रथम तिचे मूळ अवयव पाडावेत. उदाहरणादाखल २९,५४,९५२ ही संख्या घेऊ. शेवटचे तीन अंक ९५२ यांना ८ ने भाग जातो. अंकांची बेरीज ३६ असल्याने ९ नेही जातो. म्हणून ७२ ने भागावे, म्हणजे ४१,०४१ उरतात.

७, ११ आणि १३ यांची कसोटी एकत्रच घेता येते, कारण त्यांचा गुणाकार १००१ आहे आणि १००० ही संख्या त्याहून एकानेच कमी आहे. उजवीकडून तीन-तीन अंकांचे गट पाडून ते आळीपाळीने वजा आणि अधिक करावेत. मात्र लक्ष-हजारांचे स्वल्पविराम आधी काढून टाकावेत, नाहीतर गट हमखास चुकतात. येथे ४१ वजा ४१, म्हणजे शून्य. म्हणून ४१,०४१ ला १००१ ने पूर्ण भाग जातो; भागाकार ४१ आला आणि ती मूळ संख्याच आहे.

आता संख्या २³ × ३² × ७ × ११ × १३ × ४१ अशी मांडता येते. प्रत्येक घातांकात १ मिळवून गुणाकार केला, की ४ × ३ × २ × २ × २ × २, म्हणजे १९२ विभाजक मिळतात. प्रत्येक मूळ अवयवाच्या घातांची १ पासून बेरीज करून (२³ साठी १ + २ + ४ + ८ = १५) त्या बेरजा गुणल्या, की विभाजकांची बेरीज १५ × १३ × ८ × १२ × १४ × ४२, अर्थात १,१०,०७,३६० होते. ती २९,५४,९५२ च्या दुपटीहून अधिक असल्याने ही विपुल संख्या ठरते. ही संख्या पूर्ण वर्ग नाही, हे मात्र एकक स्थानच्या २ वरूनच कळते.