ट्रायम्फ ६५० चं ऑईल प्रेशर: पाना लावण्याआधी

१९६३ पासूनच्या ट्रायम्फ ६५० या जुन्या ब्रिटिश मोटरसायकलला ऑईलचं प्रेशर कमी-जास्त करायचा स्क्रूच नाही. आहे तो फक्त जादा प्रेशर सोडून देणारा रिलीफ व्हॉल्व्ह, म्हणजे पिस्टन, स्प्रिंग आणि टोपी. तेव्हा तयारी करायची ती प्रेशर कुठे निसटतंय हे शोधायची.

गेज १० किलोपर्यंतचं (सुमारे १४० पीएसआय) घ्या. थंड २०डब्ल्यू-५० ऑईलवर काटा बराच वर जातो. १९६९ पासूनच्या मॉडेलांत टायमिंग कव्हरवरचा प्रेशर स्विच काढून तिथेच गेज लावता येतं. ॲडॉप्टर करून घेताना जुना स्विच कोल्हापुरात उद्यमनगरात लेथवाल्याकडे घेऊन जा आणि आटे मोजूनच काम सांगा. चुकीचे किंवा टेपर आटे जोराने आवळले की कव्हर तडकतं.

गाडी बरेच दिवस उभी असेल तर टाकीतलं ऑईल पंपातून झिरपून क्रँककेसमध्ये उतरलेलं असतं. ते काढा, जाळी रॉकेलने धुवा, मगच टाकीची पातळी बघा. सुरू केल्यावर टाकीचं झाकण उघडून रिटर्नवर, म्हणजे इंजिनातून परत येणाऱ्या ऑईलवर, नजर ठेवा: ऑईल बुडबुड्यांसकट, तुटक तुटक पडायला हवं. पडलंच नाही तर इंजिन तिथेच बंद करा.

मोजणी पूर्ण तापलेल्या इंजिनावरच करा. पन्हाळ्याचा चढ चढून आलात की पुरे. चालत्या गाडीला ६५ ते ८० पीएसआय, आयडलिंगला २० ते २५. रॉकरचं (व्हॉल्व्ह दाबणाऱ्या दांड्यांचं) ऑईल रिटर्न लाइनवरून जातं, त्याची खबर हे गेज देत नाही.

आयडलिंगला प्रेशर पडतंय म्हणून स्प्रिंगखाली वॉशर घालणारे भेटतात. त्याचा काडीचा उपयोग नाही, कारण इतक्या कमी दाबाला चांगला व्हॉल्व्ह बंदच असतो. पिस्टन कचऱ्याने उघडा अडकला असेल तेवढं मात्र तपासा: धुतल्यावर तो स्वतःच्या वजनाने सरकला पाहिजे. ओरखडे असतील तर व्हॉल्व्ह बदला.

खरा संशय टायमिंग कव्हरमधल्या, क्रँकच्या टोकावर बसणाऱ्या सीलवर घ्या. ते नवं आणून ठेवा. सोबत पंपाचं गॅस्केट, तांब्याचे वॉशर आणि धागे न सुटणारं कापड. पंपाच्या बॉलखाली कचरा नाही ना ते बघा आणि पंप ऑईलने भरूनच बसवा. जॉइंटचं सोल्युशन अगदी पातळ लावा. आत आलेला थर सुटून ऑईलची वाट बुजवतो. एवढं करूनही तापल्यावर काटा खालीच राहिला तर बिग एंड (कनेक्टिंग रॉडचं क्रँककडचं टोक) बेअरिंग झिजलेत असं धरा. क्रँक उघडलाच तर त्यातला गाळाचा सापळा साफ केल्याशिवाय परत बांधू नका.