"बरंय ना?" च्या पुढं: माणसाला मायेनं कसं विचारायचं

रविवारी चर्चमधली उपासना सुटली की आवारात सगळे एकमेकांना सलाम करतात, "काय, बरंय ना?" "हां, प्रभूची कृपा", आणि गाडीला किक. सांगलीत काय, साताऱ्यात काय, सगळीकडं हेच. यात वाईट काही नाही, पण ज्याच्या घरात आठवडाभर चूल धड पेटलेली नाही तोही "प्रभूची कृपा" म्हणूनच घरी जातो, आणि आपण प्रीतीवरचं प्रवचन ऐकून आलेलो असतो. शेजाऱ्यावर प्रीती करा म्हणजे नेमकं काय करा असं मला कोणी विचारलं तर मी म्हणेन, आधी नीट विचारायला शिका आणि उत्तर येईपर्यंत थांबा.

शुभवर्तमान, म्हणजे बायबलमधलं येशूचं चरित्र, उघडून बघा, येशू किती प्रश्न विचारतो. यरीहोच्या रस्त्यावर बार्तीमय ओरडतोय, आंधळा आहे हे सगळ्या गर्दीला दिसतंय, तरी येशू त्याला विचारतो की मी तुझ्यासाठी काय करावं? त्याला माहीत नव्हतं म्हणून नाही विचारलं. ज्याला सगळे गप्प बस म्हणत होते त्याला स्वतःच्या तोंडानं मागता यावं म्हणून विचारलं असं मला वाटतं. आपण मात्र समोरच्याला काय पाहिजे ते आधीच ठरवून टाकतो, आणि सल्ला देऊन मोकळे होतो.

तर सुरुवात अशी करा. मोघम विचारू नका, त्याच्या आयुष्यातली एक ठरावीक गोष्ट धरून विचारा. "कसं चाललंय काकी?" ला "चाललंय की बाबा" हेच उत्तर येणार. त्यापेक्षा "काकी, काकांचा शुगरचा रिपोर्ट बुधवारी येणार होता ना, काय आलं ओ?" असं विचारलं की त्या थांबतात, कारण तुम्ही मागच्या वेळचं लक्षात ठेवलंय. लक्षात राहत नसेल तर मोबाईलमध्ये लिहून ठेवा, त्यात लाज कसली. आणि चार माणसांत विचारू नका. बाजूला घ्या, नाहीतर संध्याकाळी फोन करा. वेळ नसेल तर त्या क्षणी विचारूच नका, "सात वाजता फोन करतो" म्हणा आणि सातला खरंच करा.

"का" ने सुरू होणारे प्रश्न जपून. "का आला नाहीस रे तीन रविवार?" हे हजेरी घेतल्यासारखं वाटतं, पोरगं पुढच्या रविवारीपण येणार नाही. "तू दिसला नाहीस, आठवण आली, सगळं ठीक आहे का?" एवढं बास.

दवाखान्याचं जरा सविस्तर सांगतो, कारण आपल्याकडं हा प्रसंग सारखा येतो. मिरजेत 1894 साली डॉ. विल्यम वानलेस यांनी मिशन हॉस्पिटल काढलं आणि आज मिरज म्हणजे दवाखान्यांचंच गाव झालंय, कर्नाटकातूनसुद्धा पेशंट येतात. तिथं भेटायला गेलं की प्रत्येक जण पेशंटला तेच विचारतो: काय झालं, कधी झालं, डॉक्टर काय म्हणाले, खर्च किती आला. बिचारा दहाव्यांदा तीच स्टोरी सांगतो आणि दमतो. तुम्ही त्याला इतकंच विचारा, "बोलावंसं वाटतंय का, का मी नुसता बसू?" आणि मग बाहेर बाकड्यावर जी बहीण किंवा बायको बसलीय तिच्याकडं वळा. ताई, तुम्ही जेवलात का? रात्री कोण थांबणार आहे? घरी पोरांचं कोण बघतंय? तिला कोणीच विचारलेलं नसतं. बायबलमधल्या एलीया संदेष्ट्याची गोष्ट आठवा, तो रानात रतामाच्या झुडपाखाली मरण मागत पडला होता, तेव्हा देवदूतानं आधी भाकर आणि पाणी दिलं, झोपू दिलं, आणि 'तू इथं काय करतोस' हा प्रश्न नंतर, होरेब डोंगरावर आला. आधी डबा, मग प्रश्न. हा क्रम चुकवू नका.

पुराच्या दिवसांतपण असंच. 2019 च्या ऑगस्टमध्ये सांगलीत आयर्विन पुलापाशी कृष्णेचं पाणी 57 फुटांच्या वर गेलं होतं, धोक्याची पातळी 45, त्यामुळं आता जुलै लागला की नदीकाठची माणसं फुटांचे आकडे बघतच झोपतात. त्यांना "तुमच्याकडं पाणी येतंय का ओ?" असं टीव्हीवाल्यासारखं विचारण्यापेक्षा "मामा, रात्री सामान वर चढवायला येऊ का? आजींना आमच्याकडं आणून सोडता का?" असं विचारा. ज्या प्रश्नात तुमचे दोन हात आहेत तो प्रश्न ऐकणाऱ्याला लगेच कळतो. शेजारी आपल्या चर्चच्या मंडळीतलाच पाहिजे असं काही नाही, येशूच्या गोष्टीतल्या चांगल्या शोमरोन्यानं रस्त्यात जखमी पडलेल्या परक्याला उचललं, त्यानं कुठं विचारलं होतं की तू कुठल्या मंडळीचा?

काही प्रश्न मात्र पूर्ण बंद करा. लग्नाचं कुठवर आलं, गोड बातमी कधी, पगार किती, जमीन विकली म्हणे. हे काळजीच्या सुरात विचारले जातात आणि लोक रडत घरी जातात. विचारायच्या आधी स्वतःला एकदा विचारा, हे उत्तर मला कशाला पाहिजे? त्याचं ओझं हलकं करायला, का माझी उत्सुकता भागवायला?

आता ऐकायचं. बेथेस्दाच्या तळ्यापाशी 38 वर्षं आजारी माणूस पडलेला, येशू विचारतो तुला बरं व्हायचंय का? तो सरळ हो म्हणत नाही, मला तळ्यात सोडायला कोणी नाही, माझ्याआधी दुसराच उतरतो, असं गाऱ्हाणं सांगतो. येशू त्याला 'विचारलं काय आणि सांगतोस काय' असं म्हणत नाही, ऐकून घेतो आणि उठवतो. आपल्यापुढंही उत्तर असंच वेडंवाकडं येणार, कधी भावाबद्दल तक्रार, कधी देवावर राग. मध्ये वचन सांगू नका, "माझ्या मेव्हण्याचंपण असंच झालेलं" हे तर अजिबात नको. बायबलमधल्या ईयोबावर संकटं कोसळली तेव्हा त्याचे मित्र सात दिवस सात रात्री त्याच्याजवळ गप्प बसले तोवर सगळं ठीक होतं, बोलायला लागले आणि घोळ झाला. आणि समोरच्यानं काहीच सांगितलं नाही तरी चालतंय, "बरं, वाटलं तर कधीपण फोन कर" म्हणा आणि विषय सोडा.

कळलेलं कुठं बोलायचं नाही, हे तर पाहिजेच. "प्रार्थनेत आठवण ठेवा" म्हणून व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकलं की दुपारपर्यंत सगळ्या पेठेला कळतं. सरळ विचारून घ्या, "हे प्रार्थनेत सांगू का, का आपल्या दोघांतच ठेवू?" आणि तो दोघांतच म्हणाला तर बायकोलापण नाही.

आणि एक, पाळकसाहेबांच्या, म्हणजे चर्चच्या पास्टरांच्या, घरी कोण विचारतं ओ? सगळी मंडळी आपलं दुखणं घेऊन तिथं जाते, त्यांच्या बायकोला मात्र पोरांच्या फीचं जमलं का, माहेरी जाऊन किती दिवस झाले, हे विचारायला कोणी जात नाही. या आठवड्यात तिथूनच सुरू करा, जाताना काही मागायला जाऊ नका.