जुने सामान आणि कपडे घेताना या चुका टाळा

ठाण्यात घोडबंदर रोडला किंवा नवी मुंबईत ऐरोली-खारघरला भाड्याने राहणाऱ्यांना ११ महिन्यांचा करार संपल्यावर त्याच घरात राहता येईल याची खात्री नसते, त्यामुळे जुने कपाट किंवा जुना फ्रिज घेण्याचा त्यांचा विचार अगदी रास्त आहे. शिवाय चांगली वस्तू भंगारात न जाता आणखी काही वर्षे वापरात राहते, हेही समाधान मोठे आहे. मात्र अशा खरेदीत बहुधा वॉरंटी उरलेली नसते आणि वस्तूचा दोष विकणाऱ्याला ठाऊक असला तरी घेणाऱ्याला दिसत नाही. म्हणून तपासणी टेम्पो बोलावण्याआधीच व्हायला हवी.

सर्वांत सर्रास होणारी चूक म्हणजे फक्त सांगितलेली किंमत पाहणे. टेम्पोचे भाडे, हमाली आणि सुताराची मजुरी धरली की स्वस्त वाटलेले कपाट नव्याच्या जवळ जाते. पार्टिकल बोर्डाचे (लाकडाचा भुसा दाबून केलेल्या फळ्यांचे) फर्निचर एकदा उघडले की स्क्रूची भोके सैल होतात आणि ओल लागलेला भाग फुगतो. असे कपाट, माझ्या मते, फुकट मिळाले तरी विचार करूनच घ्यावे. सागवानी पलंग घेतानाही पायांचे तळ आणि मागची बाजू पाहावी. तेथे पिठासारखी भुकटी दिसली तर भुंगा आणि मातीच्या रेघा दिसल्या तर वाळवी लागली आहे, असे समजावे.

फ्रिज विकणाऱ्याच्या घरी तासभर तरी चालू ठेवून पाहावा आणि दारात कागद अडकवून ओढावा. कागद सहज निसटला तर दाराचे रबर सैल झालेले असते. तेथे नीट चालणारा फ्रिज आपल्या घरी थंडच होत नाही, अशी तक्रार अनेकदा ऐकू येते. तो आडवा करून आणला असेल तर कॉम्प्रेसरमधील तेल नळ्यांत गेलेले असण्याची शक्यता असते. फ्रिज उभाच आणावा, आणि आडवा करावाच लागला तर काही तास उभा ठेवून मगच सुरू करावा.

मोबाइलच्या बाबतीत बिल न घेणे ही गंभीर चूक आहे, कारण चोरीचा माल आहे हे माहीत असताना किंवा तसे मानण्यास कारण असताना तो अप्रामाणिकपणे घेणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१७ नुसार गुन्हा आहे. *#०६# डायल करून मिळणारा १५ अंकी आयएमईआय क्रमांक, म्हणजे फोनचा ओळख क्रमांक, बिलावरील क्रमांकाशी जुळवावा आणि केंद्र सरकारच्या संचार साथी पोर्टलवरही तपासावा. विकणाऱ्याने फोनमधून आपले गूगल किंवा ॲपल खाते काढल्याशिवाय पैसे देऊ नयेत, नाहीतर फोन रिसेट केल्यावर तो जुन्याच मालकाचा पासवर्ड मागत बसतो.

दुचाकी घेताना मालकी बदलाच्या नमुना २९ आणि ३० या अर्जांवर सह्या झाल्या म्हणजे काम संपले, असे मानू नये; आरटीओत नाव बदलेपर्यंत पाठपुरावा करावा, आणि थकलेली ई-चलने व बँकेच्या कर्जाचा बोजा व्यवहाराआधीच पाहून घ्यावा. हेल्मेट मात्र जुने घेऊच नये. एकदा जोराचा मार बसला की त्याचा आतला थर दबतो, आणि बाहेरून काहीच कळत नाही.

कपड्यांची तपासणी लोक सर्वांत कमी करतात. खाडीकाठच्या आपल्या दमट हवेत, विशेषतः पावसाळ्यात, बंद कपाटात राहिलेल्या कपड्यांना कुबट वास आणि बुरशीचे काळे ठिपके येतात. वास पुष्कळदा धुण्याने जातो, पण ठिपके सहसा राहतात, म्हणून कपडा दिवसाच्या उजेडात पाहावा. आणलेले कपडे लगेच कपाटात ठेवल्यास शिवणीत दडलेले ढेकूण घरभर पसरू शकतात. साध्या गार पाण्याने त्यांची अंडी मरतीलच असे नाही. जे कपडे सोसतील ते ६० अंशांच्या पाण्यात धुवावेत आणि बाकीचे ड्रायक्लीनिंगला द्यावेत. रेशमी साडी उजेडासमोर धरून घडीच्या रेषा पाहाव्यात, कारण रेशीम आधी घडीवरच विरते आणि एकदा विरलेली साडी नेसताना फाटते. ब्लाउज किंवा कुर्ता अंगाला घट्ट होत असेल तर तो उलटा करून शिवणीत माया, म्हणजे आत सोडलेले जादा कापड, किती आहे ते पाहावे. माया नसेल तर शिंप्यालाही तो सैल करता येत नाही.