काळ्या मातीत एक्झोराचे सपाट झुपके कसे टिकवायचे

रोपवाटिकेतून आणलेला एक्झोरा पहिला पावसाळा झकास काढतो. फांदीच्या टोकाला तळहाताएवढा, माथ्यावर सपाट असा लाल झुपका धरतो. पुढे काही महिन्यांत नवी पालवी पिवळी फुटू लागते, शिरा तेवढ्या हिरव्या राहतात आणि झुपके लहान होत जातात. मग शेणखत वाढतं, युरिया पडतो, पाणी वाढतं आणि झाड आणखीच खंगतं. उसाच्या पानावर हेच दिसलं की आपल्याकडे ‘केवडा पडला’ म्हणतात. दोन्हीकडे कारण एकच: लोह कमी पडतंय. जमिनीत लोह असतं, पण चुनखडीमुळे ते मुळांना उचलता येत नाही.

कोल्हापूर जिल्ह्यात गगनबावडा, राधानगरी, आजरा, चंदगड या पट्ट्यात जांभ्याची तांबडी, आम्लधर्मी माती आहे. तिथे एक्झोरा कुंपणाला लावून दिला तरी चालतो. पंचगंगेकाठची काळी माती आणि पुढे शिरोळकडची चुनखडीची, काही ठिकाणी क्षारपड जमीन त्याला मानवत नाही. त्याला मातीचा सामू (पीएच) 5 ते 6.5 लागतो, 7 च्या वर गेला की केवडा आलाच.

सामू मोजायचं यंत्र नसेल तर फूटभर खोलीवरची मूठभर कोरडी माती बशीत घ्या आणि तिच्यावर दोन चमचे पांढरं व्हिनेगर ओता. माती फसफसली की समजा, चुनखडी आहे. अशा जागी गंधक टाकून माती सुधारण्याच्या भानगडीत पडू नका. टाकलेलं गंधक चुनखडीच खाऊन टाकते आणि सामू जागचा हलत नाही. सरळ कुंडी घ्या.

कुंडी मातीची किंवा प्लास्टिकची हवी. सिमेंटची नको, कारण तिच्यातून चुना पाझरत राहतो. जमिनीत लावणार असाल तरी कंपाउंडच्या भिंतीपासून दोन फूट लांब लावा. गिलाव्याचा चुना आणि बांधकामाचा पुरलेला राडारोडा तिथे हमखास असतो. एका रांगेतली भिंतीलगतची तेवढीच झाडं पिवळी दिसतात, ती यामुळेच.

12 इंची कुंडीसाठी मिश्रण असं: चार भाग जांभ्याची तांबडी माती, तीन भाग पूर्ण कुजलेलं पालापाचोळ्याचं किंवा शेणाचं खत, दोन भाग कोकोपीट, एक भाग भाताची तुसं. वर 100 ग्रॅम निंबोळी पेंड. कोकोपीट दोन पाण्यांनी धुऊन पिळून घ्या, त्यात मीठ असतं. राख, हाडांचा चुरा, अंड्याची टरफलं यांना इथे थारा नाही. साखर कारखान्याची प्रेसमडही नको, रस निवळायला वापरलेला चुना तिच्यात उतरलेला असतो. ही सगळी खतं दुसऱ्या झाडांना चांगली असतील, पण एक्झोराच्या कुंडीत ती घालणं म्हणजे आपल्या हातानं केवडा आणणं. उसाचं पाचट मात्र बेस: बारीक तोडून दोन इंचांचा थर द्या, फक्त खोडाला चिकटवू नका.

लावताना पिशवीतला मातीचा गोळा हाताने दाबून बघा. रोपं बहुधा चिकट लाल मातीत वाढवलेली असतात. तो गोळा सुकला की आक्रसतो, कुंडीतलं पाणी त्याच्या कडेने खाली निघून जातं आणि आतली मुळं कोरडीच राहतात. गोळा अर्धा तास पाण्यात बुडवा, कडेची माती बोटांनी सैल करा, गोल फिरलेली मुळं उलगडा आणि मगच लावा. गोळ्याचा माथा कुंडीतल्या मातीच्या पातळीतच राहू द्या, खोड पुरू नका.

पाण्यावरही लक्ष ठेवा. कुंडीच्या काठावर पांढरी किनार दिसू लागली की बोअरचं जड पाणी चुना साठवतंय. कोल्हापूर शहरात वर्षाला साधारण 1000 मिलिमीटर पाऊस पडतो. पन्हाळीचं पाणी पिंपात साठवलं तर दोन-चार कुंड्यांचा निम्मा उन्हाळा सहज निघतो. पावसाळ्यात कुंड्या विटांवर उचलून ठेवा. पाणी तुंबून मुळं गुदमरली की चांगल्या मातीतही पालवी पिवळी पडते. जुलै-ऑगस्टमधला केवडा बऱ्याचदा असा असतो, तेव्हा आधी कुंडीचं भोक तपासा, औषध नंतर.

केवडा पडलाच तर एक लिटर पाण्यात 5 ग्रॅम हिराकस (फेरस सल्फेट) आणि 2 ग्रॅम लिंबूसत्त्व विरघळवा. द्रावण ताजंच वापरा. तांबूस झालं की लोह वाया गेलं. संध्याकाळी नव्या पानांवर दोन्ही बाजूंनी फवारा आणि आठ-दहा दिवसांनी पुन्हा एकदा. खालची फरशी झाकून ठेवा, हिराकसचे गंजके डाग निघता निघत नाहीत. फवारलेलं पान हिरवं होतं, पण पुढची पालवी परत पिवळी येऊ शकते. मुळातून लोह द्यायचं असेल तर ईडीडीएचए चिलेट (मुळांना उचलता येईल अशा रूपात बांधलेलं लोह) घ्या आणि पाकिटावरच्या प्रमाणातच द्या. स्वस्त मिळणारं ईडीटीए चिलेट आम्ल मातीत चालतं, चुनखडीच्या मातीत टिकत नाही.

सगळं पिवळेपण लोहाचं नसतं. नवी पानं पिवळी आणि शिरा हिरव्या असतील तर लोह. खालची जुनी पानं सबंध पिवळी पडत असतील तर नत्र. जुन्या पानांवर जांभळट तांबडे ठिपके उठले तर पालाश कमी आहे. 0:0:50 हे पालाशाचं विद्राव्य खत लिटरला 5 ग्रॅम घेऊन फवारा. ठिपके बघून बुरशीनाशक मारणारे खूप आहेत, त्याचा काही उपयोग होत नाही. पान वरून काळं, चिकट असेल तर ती काजळी. उलटून बघा, पिठ्या ढेकूण किंवा खवले कीड सापडेल आणि मुंग्यांची ये-जा चालू असेल. लिटरला 5 मिली निंबोळी तेल आणि 2 मिली पातळ साबण, आठवड्याच्या अंतराने तीनदा.

आता छाटणी. झुपका नव्या फांदीच्या शेंड्यालाच येतो. कुंपण चौकोनी दिसावं म्हणून दर पंधरवड्याला कात्री चालवली की प्रत्येक वेळी येणारा बहरच कापला जातो. मुख्य छाटणी वर्षातून एकदा, होळीच्या सुमारास, उंचीचा एक तृतीयांश भाग. पुढचा बहर साधारण दोन ते अडीच महिन्यांनी येतो. एरवी फक्त वाळलेले झुपके काढा, खालच्या पानांच्या पहिल्या जोडीच्या वर तिरपा काप देऊन. झाडाला दिवसाला चार-पाच तास ऊन हवंच. सावलीत पानं गडद होतात आणि फुलं रुसतात.

रोपं करायची तर जून-जुलैमध्ये अर्धवट पिकलेल्या फांदीचे चार-पाच इंची तुकडे घ्या. वरच्या दोन पानांच्या जोड्या निम्म्या कापा, बुडाला मुळं फुटवणारी संजीवक पावडर लावा, ओल्या वाळू-कोकोपीटमध्ये खोचा आणि वरून प्लास्टिकची पिशवी घाला. मुळं फुटायला सहा ते आठ आठवडे लागतात. ओढून बघायचा मोह आवरा. उंच जातींना गुटी कलम जास्त भरवशाचं.

इतकी मनधरणी नको असेल तर पेंटास लावा. पाच पाकळ्यांच्या ताऱ्यांचा तसाच सपाट झुपका, काळ्या मातीशी बरंच जमवून घेणारा, फुलपाखरांचा लाडका. छाट महिन्याभरात मुळं धरतो. झाड दोन-तीन वर्षांत लाकडी होतं, तेव्हा छाट करून नवं घ्यावं. हायड्रेंजिया शहरातल्या एप्रिलच्या उन्हात करपतो. सावलीत जगवला तरी निळा रंग आम्ल मातीतच येतो, बोअरच्या पाण्यावर तो गुलाबी होतो. घाणेरीची शोभेची वाणं कुंडीतच ठेवा, फळं धरायच्या आत झुपके तोडा. पक्ष्यांनी बी रानात नेलं की ती आवरत नाही, आणि तिचा पाला जनावरांना विषारी. दाजीपूर-राधानगरीच्या जंगलाजवळ घर असेल तर ती लावूच नका. तिथे पापट लावा. सह्याद्रीतलंच झुडूप, पांढरे सुगंधी झुपके देतं आणि जांभ्याच्या मातीत खताशिवायही वाढतं. बी ताजं असतानाच पेरा.